पहिल्या बाळंतपणाचा कागद

निपाणीला जायचं म्हटलं की आम्ही गोव्याची माणसं दोन वाटांचा हिशेब करतो. एक साखळीवरून चोर्ला घाट चढून, जांबोटीमार्गे बेळगाव, आणि तिथून हमरस्त्याने संकेश्वर, निपाणी. दुसरी सावंतवाडीवरून आंबोली, आजरा, गडहिंग्लज. माझी मावशी लग्न होऊन निपाणीला गेली तेव्हापासून या दोन्ही वाटा माझ्या ओळखीच्या. गेल्या दिवाळीनंतर मावशीची तब्येत बघायला म्हणून मी चोर्ल्याच्या वाटेने गेले. घरात मावसबहीण होती, आणि तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तीही कागलजवळच्या सासरहून आली होती. तिला पाचवा महिना होता. पहिला मुलगा तीन वर्षांचा, अंगणात सायकलवरून पडत-उठत होता.

रात्री जेवणं झाल्यावर भाची माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग एकदम म्हणाली, "मावशी, मला परत तसलं नको गं. आईला सांगून उपयोग नाही. ती म्हणते, सगळ्यांनाच टाके पडतात."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या खेपेला माहेरी, निपाणीतच, एका लहान नर्सिंग होममध्ये ती बाळंत झाली. बाळ मोठं होतं. 'खाली जरा जास्त टाके घातलेत' एवढंच घरच्यांना सांगितलं गेलं. पुढे चार-पाच महिने तिला पोटातला वारा आवरत नसे. चारचौघांत बसायची चोरी झाली. मग ते आपोआप थांबलं. पण नवऱ्यालाही तिने कधी धड सांगितलं नाही. आता दुसऱ्या खेपेला पुन्हा फाटलं तर, आणि या वेळी ते थांबलंच नाही तर, हा तिचा प्रश्न होता.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काही डॉक्टर नव्हे. पण वाचायची सवय आहे, आणि इतिहासाची खोड आहे. म्हणून परत आल्यावर मी या गोष्टीचा माग काढायला बसले. वाचकहो, विषय जरा संकोचाचा आहे. पण ज्या घरात लेकीसुना आहेत त्या प्रत्येक घराचा तो आहे, म्हणून लिहिते.

पहिली अडचण शब्दाची. योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्या बोटभर जागेला आपल्या बोलीत धड नाव नाही. बायका 'खालची जागा' म्हणतात. गर्भाशय खाली सरकलं तर 'अंग बाहेर येतं'. बाळंतपणात ती जागा फाटली तर फक्त 'टाके पडले'. दोन टाके पडले काय आणि गुदद्वाराचा स्नायू तुटला काय, शब्द एकच. त्यामुळे 'सगळ्यांनाच टाके पडतात' हे मावसबहिणीचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त त्यात तिच्या लेकीची गोष्ट मावत नव्हती.

डॉक्टर लोक त्याच्या चार पायऱ्या करतात. पहिलीत नुसती कातडी फाटते. दुसरीत आतले स्नायूही फाटतात, पण गुदद्वाराभोवतीचं कडं शाबूत असतं. तिसरीत हे कडं तुटतं, आणि ते किती तुटलं यावरून तिचे पुन्हा तीन भाग पडतात. चौथीत गुदाशयाचं अस्तरही फाटतं. भाचीच्या बाबतीत काय घडलं होतं, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

ही जखम मात्र फार जुनी आहे. इजिप्तमध्ये देर अल-बहरी इथे हेनहेनित नावाच्या राजस्त्रीची ममी सापडली. ती चार हजार वर्षांपूर्वीची. डग्लस डेरी या शरीरशास्त्रज्ञाने तिची तपासणी करून १९३५ साली लिहिलं, की तिच्या मूत्राशयाला योनीकडे मोठं भोक पडलेलं होतं, बाळंतपणात पडतं तसं. राजवाड्यातल्या बाईचीही सुटका नव्हती.

आपल्याकडे सुश्रुताने अडलेल्या गर्भाची, म्हणजे मूढगर्भाची, वेगवेगळी लक्षणं आणि उपाय सांगितले आहेत. पण मला अधिक जवळची वाटली ती चरकसंहितेतली एक साधी सूचना. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सूतिकागाराचं वर्णन आहे. तिथे बाळंतिणीजवळच्या अनुभवी बायकांनी तिला काय सांगावं तेही आहे. कळ नसताना जोर करू नको, तो फुकट जातो आणि अपाय करतो. आधी हळू, मग क्रमाक्रमाने वाढवत जा. आजच्या चांगल्या लेबर रूममध्ये डोकं दिसू लागल्यावर जे सांगतात, 'आता जोर थांबव, तोंडाने श्वास सोड, बाळाला हळू येऊ दे', ते याच जातीचं आहे. डोकं झपकन बाहेर आलं की फाटण्याचा धोका वाढतो, हे त्या बायकांनी हाताने शिकलं होतं.

युरोपात इटलीतल्या सालेर्नो गावी बाराव्या शतकात 'त्रोतुला' नावाने ओळखले जाणारे स्त्रीरोगांवरचे ग्रंथ तयार झाले. त्यात या जखमेचं इतकं स्पष्ट वर्णन आहे की वाचताना अंगावर काटा येतो. दोन्ही वाटा एक होतात, असं म्हटलं आहे. ती फाट रेशमी धाग्याने शिवावी, हेही सांगितलं आहे. आणि मुळात असं होऊच नये म्हणून, बाई जोर करील तेव्हा गुदद्वाराशी कापडाचा बोळा घट्ट दाबून धरावा, असा उपायही दिला आहे. हाताने आधार देण्याची ही युक्ती किमान आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे, हे लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

मग आली कात्री. १७४२ साली डब्लिनच्या फील्डिंग ऊल्ड यांनी आपल्या सुईणशास्त्राच्या ग्रंथात, वाट फारच अरुंद असेल तर गुदद्वाराच्या दिशेने छेद द्यावा, असं सुचवलं. त्यांनी तो अडलेल्या प्रसंगासाठी सांगितला होता. विसाव्या शतकात तो जगभर नेमाचा झाला. पहिलटकरीण आली की कट, असा शिरस्ताच पडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात सरसकट छेद देऊ नये असं स्पष्ट सांगितलं.

आपल्या मुलखातल्या बायकांनी हा विषय हाती कधी घेतला? इथे आनंदीबाई जोशींची आठवण येते. फिलाडेल्फियाला १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी स्वतः बाळंत होऊन दहा दिवसांचं मूल गमावलेल्या बाईने हाच विषय निवडावा, यात नवल नाही. त्यांची नेमणूक झाली होती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागावर, म्हणजे निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवर. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या आणि ती खुर्ची रिकामीच राहिली. त्याच रुग्णालयात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केलं. आज ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, लोकांच्या तोंडी सीपीआर, म्हणून ओळखलं जातं आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गरीब बायकांचा आधार आहे.

आणि आमच्या गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर! शिरोड्यात १८९९ साली जन्मलेला हा माणूस शिक्षणासाठी घाट चढून हुबळीला गेला, तिथून मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. गर्भाशयाचं तोंड अकाली उघडून गर्भ पडू नये म्हणून त्यांनी १९५५ साली जो टाका सांगितला, तो आज जगभर 'शिरोडकर टाका' म्हणून शिकवला जातो. पण त्यांनी 'अंग बाहेर येण्या'वरही शस्त्रक्रिया बसवल्या होत्या, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. टाक्याचा आपल्याला अभिमान आहे, पण तो ज्या दुखण्यांच्या शेजारी जन्मला त्यांची नावं घ्यायला आपण लाजतो.

आता सीमेकडे येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. फक्त चंदगड तालुका मागे राहिला. त्या वादाचा इतिहास, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, हे वाचकांना सांगायला नको. पण सोयरिकी काही नकाशा बघून होत नाहीत. निपाणीची लेक कागलला, गडहिंग्लजची लेक संकेश्वरला, हे तेव्हाही चालत होतं आणि आजही चालतं. आपली रीत अशी, की पहिलं बाळंतपण माहेरी. पुढची खेप पुष्कळदा सासरी.

आणि गोम इथेच आहे. गुदद्वाराचं कडं तुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्याच खेपेला. ब्रिटनच्या राजप्रतिष्ठित प्रसूतितज्ज्ञ महाविद्यालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शनात आकडे दिले आहेत: पहिलटकरणींत १०० पैकी सुमारे ६, आधी बाळंत झालेल्यांत २ हूनही कमी. म्हणजे जखम होते माहेरी, आणि तिचा विचार करायची वेळ येते सासरी. मधे राज्याची सीमा. इकडे कानडीतलं तायी कार्ड, तिकडे मराठीतलं माता-बाल संरक्षण कार्ड. कागद माहेरच्या ट्रंकेत आणि बाई सासरच्या दवाखान्यात. 'पहिलं नॉर्मल होतं का?' 'हो, नॉर्मल.' संपलं. त्या 'नॉर्मल'च्या पोटात काय दडलंय ते कोण विचारणार?

निपाणीच्या बायकांना न बोलण्याची सवय होती म्हणावं, तर तसंही नाही. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या इथल्या हजारो बायकांनी संघटना केली, संप केले. १९८२ साली युगांतर या बायकांच्या चित्रपटगटाने त्यांच्यावर 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा लघुपट काढला. छाया दातार यांनी त्यांच्या लढ्यावर १९८९ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मावशीच्या शेजारी एक आजी आहेत. त्या वखारीत होत्या. मी त्यांना विचारलं, बाळंतपणानंतर किती दिवसांनी कामावर जायचात? त्या हसल्या. "दीस कुनी मोजलं? दूध दाटलं की घरला पळत यायचं." आणि खालचं दुखणं? "त्ये सांगायचं नसतंय, बाई. त्येच्यासाठी मोर्चा निघंल व्हय?" मजुरीसाठी रस्त्यावर उतरलेली ही बाई. पण या एका गोष्टीपुरती तिच्याही तोंडाला कुलूप होतं.

मात्र मोजलं तर काय होतं, हे याच बेळगाव जिल्ह्याने जगाला दाखवलं आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव पूर्वी डोळ्यांनी अंदाजाने ठरवत, आणि अंदाज नेहमी कमीच निघे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर खुणा केलेली, रक्त गोळा करणारी एक साधी प्लास्टिकची पिशवी वापरली. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर प्रयोग झाला. बाळंतपणं केली ती साध्या एएनएम सिस्टरांनी. बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येतं, हे त्यातून दिसलं. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं.

योगायोग असा, की त्याच २००६ साली लंडनमधल्या क्रॉयडनमधून दुसरा एक निबंध आला. पहिल्यांदाच बाळंत झालेल्या २४१ बायकांची टाके घालण्यापूर्वी तज्ज्ञाने पुन्हा तपासणी केली. आधीच्या तपासणीत गुदद्वाराच्या कड्याची इजा ११ टक्क्यांत सापडली होती, पुन्हा नीट पाहिल्यावर ती २४.५ टक्क्यांत निघाली. इजा तिथेच होती. बोट घालून कोणी पाहिलं नव्हतं. बेळगावने पिशवी लावून मोजलं, क्रॉयडनने बोट लावून पाहिलं. दोन्हींचा धडा मला एकच वाटला.

हे सगळं वाचून मी भाचीला फोन केला आणि एकच काम सांगितलं: पहिल्या बाळंतपणाचा कागद शोध. घरात मिळालं ते डिस्चार्ज कार्ड, त्यावर 'नॉर्मल डिलिव्हरी, बाळ-बाळंतीण सुखरूप' एवढंच. मग मायलेकी त्या नर्सिंग होममध्ये गेल्या. डॉक्टरीणबाईंनी जुनं रजिस्टर काढलं. त्यात सगळं होतं. बाळाचं वजन ३ किलो ९००, चिमटा लावलेला, तिसऱ्या पायरीची फाट, कडं अर्ध्याहून अधिक तुटलेलं, थरांनी शिवलेलं. लपवलं कोणी नव्हतं. विचारलं कोणी नव्हतं, आणि आपणहून समजावून सांगितलंही कोणी नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तो मजकूर लिहून सही-शिक्क्यानिशी दिला.

तो कागद घेऊन ती बेळगावला एका तज्ज्ञ बाईंकडे गेली. तिथे जे कळलं ते इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून सांगते. अशी इजा झालेल्या बाईला पुढच्या नैसर्गिक बाळंतपणात तीच इजा पुन्हा होण्याची शक्यता १०० त ५ ते ७. म्हणजे ९० हून अधिक जणींना होत नाही. पण तो आकडा सर्वांना एकसारखा लावायचा नसतो. अजून वारा किंवा शौच आवरत नसेल, किंवा आतून केलेल्या सोनोग्राफीत आणि दाब मोजण्याच्या तपासणीत कडं कमकुवत दिसलं, तर सिझेरियनचा विचार करावा असं मार्गदर्शन आहे. त्रास नसेल आणि कडं नीट जुळलं असेल तर नैसर्गिक बाळंतपण रास्त आहे. सिझेरियनचे स्वतःचे धोके असतात, पुढच्या खेपांनाही ते सोबत येतात. आणि निर्णय बाईचा. केवळ भीतीपोटी कोणी सिझेरियन मागितलं तरी तिला हसायचं कारण नाही. ती भीती अनुभवातून आलेली असते.

भाचीची सोनोग्राफी चांगली आली. तिने नैसर्गिक बाळंतपण ठरवलं. मग तयारी सुरू झाली. खालचे स्नायू आवळून धरण्याचा आणि सोडण्याचा व्यायाम. हा अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांच्या नावाने ओळखला जातो, त्यांचा निबंध १९४८ चा. आपल्या हठयोगातला मूलबंध याचाच थोरला भाऊ शोभावा. साखरेची तपासणी, कारण मागचं बाळ मोठं होतं. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. चौतिसाव्या आठवड्यानंतर तेलाचा मसाज. याबाबत डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, याने टाक्यांची गरज कमी होते हा पुरावा पहिलटकरणींचा आहे, तुझ्यासारखीला तेवढी खात्री देता येत नाही, पण नंतरचं दुखणं कमी होतं.

आणि प्रत्यक्ष वेळेसाठी एक पानभर मजकूर ठरला. डोकं दिसू लागलं की गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाचा शेक. सिडनीत ७१७ पहिलटकरणींवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या शेकाने गंभीर फाट ८.७ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आली होती. हाताचा आधार. सालेर्नोचा तो कापडाचा बोळा आठवला ना? शेवटी जोर थांबवून हळू. छेद लागलाच तर तिरपा, मधल्या रेषेपासून ६० अंशांवर. आणि बाळ झाल्यावर, टाके घालण्याआधी, बोटाने नीट तपासणी.

शेकाचं ऐकून मावशी अंथरुणातून उठून बसली. "अगं, शेक तर आम्ही बाळंतपणानंतर चाळीस दिवस देतो. शेगडी, शेपा, ओवा..." पण आधी द्यायचा हे तिला नवीन होतं. आमच्या गोव्यातल्या वयजिणी, इथल्या सुइणी, कानडी मुलखातल्या सूलगित्ती, यांच्यापैकी कोणी देतही असतील. त्यांनी लिहून ठेवलं नाही. त्यांचं ज्ञान त्यांच्या हातांबरोबर गेलं. २०१८ साली नव्वदी उलटलेल्या सूलगित्ती नरसम्मांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या वारल्या, तेव्हा हे फार जाणवलं होतं.

आता गोव्याच्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे याची काय गरज, आमच्याकडे इस्पितळं जवळ. खरं आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात १०० पैकी ३९.५ बाळंतपणं सिझेरियनने झाली होती, कर्नाटकात ३१.५, महाराष्ट्रात २५.४. यातली कितीतरी गरजेची असतील. पण ज्या बाईला आपल्या पहिल्या खेपेचं नेमकं काय झालं होतं हेच माहीत नाही, तिला निवड तरी कशी करता येणार? तिच्या वतीने भीती निवडते, नाहीतर घाई.

असो. फाल्गुनात भाची बेळगावलाच बाळंत झाली. मुलगी, ३ किलो ४००. सिस्टरने गरम कापड धरलं होतं, हे तिने मला फोनवर दोनदा सांगितलं. फाटलं, पण दुसऱ्या पायरीपर्यंत, कडं शाबूत. चार दिवसांनी घरी आली तेव्हा डिस्चार्ज कार्डाचा फोटो तिने मला पाठवला. त्यावर पायरी लिहिलेली होती, तपासणी केल्याचं लिहिलेलं होतं, आणि खाली तिने स्वतःच्या अक्षरात मराठीत तेच सगळं पुन्हा लिहून काढलं होतं.

मी विचारलं, मराठीत कशाला? म्हणाली, "माझ्याकडं राहू दे गं. उद्या ही मोठी झाली आणि हिनं विचारलं, तर वाचून दाखवता यायला नको?"